तळघरातून अजिंक्यपदाकडे : इमॅक्युलाटा महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची कहाणी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या नाटकांचा, गणेशोत्सवाचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास असावा हे ओघानेच आले. त्या मालिकेत अमेरिकेतील एका मुलींच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची हकीकत पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु हा विषय आम्ही समजून-उमजून निवडला आहे. दीर्घकाळ टिकलेल्या प्रत्येक लहान संस्थेपुढे केव्हा ना केव्हा दोन प्रश्न उभे राहतात. साधने तुटपुंजी असताना जे घडले ते कशाच्या बळावर घडले, हा पहिला. आपल्याहून मोठ्या आणि धनवान संस्था त्याच कार्यात उतरल्यावर आपण केलेल्या कामाचे मागे काय उरते, हा दुसरा. ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आम्हांस इमॅक्युलाटाच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसली तितकी क्वचितच अन्यत्र दिसली असतील. त्या संघाच्या पहिल्या अजिंक्यपदाला २०२२ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली; तेव्हा सुवर्णमहोत्सवाचा धागाही जुळतोच.

अर्धे मैदान आणि पूर्ण मैदान

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. हिवाळ्यात बंद जागेत खेळता येईल असा खेळ जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने तेरा नियम लिहून सिद्ध केला आणि फळांच्या टोपल्या सज्ज्याला टांगून तो सुरू केला. वर्षभरात तो मुलींपर्यंत पोहोचला. स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेन्डा बेरेन्सन ह्यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला आणि १८९३ साली तेथे मुलींचा सामना झाला. सामना पाहण्यास पुरुषांना मज्जाव होता.

मुलींना अतिश्रम होऊ नयेत, धक्काबुक्की होऊ नये, ह्या काळजीपोटी बेरेन्सनबाईंनी मैदानाचे भाग पाडले आणि खेळाडूंना आपापल्या भागात बांधून टाकले. पुढे ह्या काळजीचे रूढीत रूपांतर झाले. कित्येक दशके मुलींच्या संघात सहा जणी असत. तिघींनी केवळ आक्रमण करायचे, तिघींनी केवळ बचाव करायचा आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. स्त्रीच्या शरीराला पूर्ण मैदान झेपणार नाही, हे गृहीत त्या रेषेत गोठलेले होते. १९७१ साली पाच खेळाडूंचा, संपूर्ण मैदानावरचा खेळ महिलांसाठी अधिकृत झाला. त्याच वर्षी महिलांच्या आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांसाठी ए. आय. ए. डब्ल्यू. ही संघटना स्थापन झाली. इमॅक्युलाटाच्या मुली ज्या दारातून आत शिरल्या ते दार असे नुकतेच उघडले होते.

जळालेली व्यायामशाळा

इमॅक्युलाटा हे पेन्सिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस, टेकडीवर वसलेले कॅथलिक महाविद्यालय. एका धर्मभगिनी संघाने ते १९२० साली मुलींसाठी स्थापन केले. अध्यापन, कारभार, देखरेख, सारे काही प्रामुख्याने धर्मभगिनींच्याच हाती होते. फिलाडेल्फियाच्या कामकरी व मध्यमवर्गीय कॅथलिक घरांतील मुली येथे शिकत, आणि त्यांतील अनेक जणी रोज घरून जा-ये करीत.

खेळाच्या साधनांचे म्हणाल तर परिस्थिती बिकट होती. महाविद्यालयाची व्यायामशाळा १९६७ साली आगीत भस्मसात झाली होती. संघाचा सराव मठाच्या तळघरातील जागेत चाले. गणवेश लोकरीचा, चुण्यांच्या घेरदार झग्याचा. तो घालून धावायचे आणि उड्या मारायच्या. क्रीडा-शिष्यवृत्ती कोणासही नव्हती. अशा संघाला १९७० साली नवी प्रशिक्षिका मिळाली. तिचे वय होते अवघे तेवीस, आणि संपूर्ण हंगामाचे मानधन ठरले होते ४५० डॉलर.

ह्या प्रशिक्षिका म्हणजे कॅथी रश. त्यांचे शिक्षण इमॅक्युलाटापासून जवळच असलेल्या वेस्ट चेस्टर येथील सरकारी महाविद्यालयात झाले होते. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडविणारे ते नावाजलेले महाविद्यालय होते आणि महिलांच्या बास्केटबॉलमध्ये त्या काळी त्याचा दबदबा होता. रश ह्यांचे पती एड रश हे व्यावसायिक बास्केटबॉलमधील पंच. त्यामुळे पुरुषांच्या खेळातील अद्ययावत डावपेच रशबाईंना परके नव्हते. ते मुलींना का शिकवू नयेत, असा त्यांचा साधा प्रश्न होता. पहिल्याच हंगामात संघाने बारा सामन्यांपैकी दहा जिंकले.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. साधने नव्हती ह्याचा अर्थ पूर्वतयारी नव्हती असा नाही. फिलाडेल्फियाच्या कॅथलिक वस्त्यांत मुलींच्या बास्केटबॉलची परंपरा जुनी होती. चर्चच्या पॅरिशगणिक मुलींचे संघ असत, कॅथलिक शाळांचे आपसांतील सामने चुरशीने होत आणि ते पाहावयास गर्दी लोटे. ज्या वयात इतर ठिकाणच्या मुलींना खेळ हा पोरखेळ म्हणून सोडावा लागे, त्या वयात ह्या मुलींना टाळ्यांचा आवाज परिचयाचा झालेला होता. रशबाईंना मातीत पेरणी करावी लागली नाही. उगवलेल्या रोपांची निगा राखणारे कोणी नव्हते, ती त्यांनी राखली.

त्या मुलींतील अग्रगण्य नाव थेरेसा शँक. उंच, चपळ आणि बास्केटखालच्या जागेवर हुकमत असलेली ही मुलगी खरे तर दुसऱ्या राज्यातील महाविद्यालयात जाणार होती. परंतु घराला आग लागून कुटुंबाचे मोठे नुकसान झाले आणि घराजवळ राहणे तिला भाग पडले. म्हणून ती इमॅक्युलाटात आली. एका आगीने महाविद्यालयाची व्यायामशाळा नेली, दुसऱ्या आगीने त्याला त्याची सर्वांत मोठी खेळाडू दिली. इतिहास कधी कधी असा हिशेब चुकता करतो.

आडोसा देणारीचे मोल

रशबाईंनी नेमके काय शिकविले हे समजून घेतल्याखेरीज पुढील यशाचे मर्म कळणार नाही. म्हणून खेळाच्या दोन अंगांविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

पहिले अंग आडोशाचे. चेंडू जिच्या हातात आहे तिच्यावर प्रतिपक्षाची एक खेळाडू सावलीसारखी लक्ष ठेवून असते. अशा वेळी चेंडूवालीची सहकारी येऊन त्या पहारेकरणीच्या वाटेत निश्चल उभी राहते. पहारेकरीण अडते, चेंडूवाली क्षणभर मोकळी होते. त्या क्षणात ती स्वतः चेंडू टाकते, किंवा दुसरी पहारेकरीण मदतीस धावलीच, तर आडोसा दिलेली सहकारी गर्रकन वळून बास्केटकडे झेपावते आणि चेंडू तिच्याकडे येतो. हा डाव पुरुषांच्या खेळात मुरलेला होता. अर्ध्या मैदानात वाढलेल्या मुलींच्या खेळात तो विरळा होता. त्याचे वैशिष्ट्य असे की आडोसा देणारीच्या नावावर गुणफलकात बहुधा काहीच लिहिले जात नाही. धक्का तिने सोसायचा, गुण दुसरीने मिळवायचे. आमच्या खो-खोत योग्य क्षणी खो देणाऱ्याचे जे मोल, तेच येथे आडोसा देणारीचे.

दुसरे अंग दबावाचे. प्रतिपक्षाच्या हाती चेंडू येताच मागे फिरून आपल्या बास्केटपाशी उभे राहण्याऐवजी संपूर्ण मैदानभर पाचही जणींनी प्रतिपक्षाला कोंडीत पकडायचे, चेंडू पुढे सरकूच द्यायचा नाही, घाईत चूक करावयास लावायची आणि चेंडू हाती पडताच वेगाने उलट धावायचे. ह्या बचावात पाचांपैकी एकीने जरी अंग चोरले तरी सारी साखळी तुटते. एक गुणी खेळाडू एकटीने तीस गुण मिळवू शकेल, पण एकटीने कोंडी करू शकणार नाही.

रशबाईंची सारी शिकवण ह्या दोन अंगांत सामावलेली होती, असे आम्हांस वाटते. मुलींना त्यांनी खेळाडू म्हणून वागविले. कठोर सराव, धावणे, शिस्त ह्यांत सवलत दिली नाही. त्याच वेळी, जे काम कोणाच्या नजरेत भरत नाही ते केल्याखेरीज संघ जिंकत नाही, ही जाणीव त्यांनी रुजविली.

पंधराव्या मानांकनाचा संघ

१९७१-७२ च्या हंगामात इमॅक्युलाटाचा संघ एकामागून एक सामने जिंकीत विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे गाठ पडली वेस्ट चेस्टरशी, म्हणजे रशबाईंच्याच मातृसंस्थेशी. त्या सामन्यात इमॅक्युलाटाचा तब्बल ३२ गुणांनी धुव्वा उडाला. तरीही पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या सोळा संघांत त्यांना जागा मिळाली. मानांकन होते पंधरावे.

स्पर्धा मार्च १९७२ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉर्मल ह्या गावी होती. प्रवासखर्चाला पैसे नव्हते. मुलींनी टूथब्रश विकून पैसे उभे केले. ते इतकेच जमले की संघातील आठच जणींना नेता आले. विमानाची निश्चित तिकिटेही परवडली नाहीत. रिकामी आसने मिळतील त्याप्रमाणे ताटकळत प्रवास करावा लागला. मागे राहिलेल्या मुलींच्या मनाला काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. मुंबई-पुण्याकडील नाट्यस्पर्धेसाठी दुसऱ्या श्रेणीच्या डब्यातून नेपथ्याचे सामान नेलेल्या आणि तिकिटांअभावी दोन-तीन उत्साही कलावंतांना घरी ठेवावे लागलेल्या मंडळींना ह्याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

नॉर्मल येथे लागोपाठ सामने होते. पहिल्या दोन फेऱ्या पार पडल्या. उपांत्य सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या मिसिसिपी राज्य महिला महाविद्यालयाच्या संघाला हरविले. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? पुन्हा वेस्ट चेस्टर. ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी ३२ गुणांनी धूळ चारली होती तोच संघ. ह्या वेळी मात्र इमॅक्युलाटाने ५२ विरुद्ध ४८ असा विजय मिळविला. संपूर्ण हंगामात चोवीस विजय आणि एक पराभव. तो एकमेव पराभवही व्याजासह फिटला. आठ जणींचा संघ देशाचा पहिला ए. आय. ए. डब्ल्यू. विजेता ठरला.

बादल्यांचा नाद

पुढील वर्षी मरिआन क्रॉफर्ड ही कुशल खेळाडू संघात आली. चेंडू खेळवीत नेणे, मोकळी सहकारी हेरणे आणि तिच्याकडे अचूक चेंडू पोहोचविणे ह्यांत तिचा हातखंडा होता. १९७२-७३ च्या हंगामात संघाने वीसपैकी वीस सामने जिंकले. त्या वर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धेतील उपांत्य सामन्यात सदर्न कनेटिकटच्या संघाने त्यांना पराभवाच्या कड्यापर्यंत ढकलले होते. तेथून परत फिरून दोन गुणांनी विजय आणि मग अंतिम सामन्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स महाविद्यालयावर त्यांच्याच मैदानात ५९-५२ अशी मात. १९७४ साली कॅन्सस राज्यातील मॅनहॅटन येथे मिसिसिपी महाविद्यालयाला ६८-५३ असे नमवून त्यांनी सलग तिसरे अजिंक्यपद मिळविले.

ह्या संघाचे प्रेक्षकही जगावेगळे. रेने मथ ह्या खेळाडूच्या वडिलांचे हार्डवेअरचे दुकान होते. त्यांनी दुकानातल्या पत्र्याच्या बादल्या सामन्याला आणल्या आणि काठ्यांनी त्या बडविण्याचा प्रघात पडला. धर्मभगिनी, एरवी मौन आणि प्रार्थना ह्यांत दिवस घालविणाऱ्या, प्रेक्षागृहात बसून बादल्या बडवीत आहेत असे दृश्य पाहून प्रतिपक्षाची छाती दडपत असल्यास नवल नाही. मुलींचे आई-बाप मुलांना मोटारीत घालून दूरदूरच्या सामन्यांना जात. सामन्यापूर्वी संघ एकत्र प्रार्थना करी. मठातील ज्या वृद्ध भगिनींना मैदानावर जाता येत नसे, त्यांच्याही प्रार्थनेत संघाचे नाव असे.

आम्हांस ह्या तपशिलांचे महत्त्व गमतीपलीकडे वाटते. त्या काळी महिलांचे सामने बहुतेक ठिकाणी रिकाम्या बाकांपुढे होत. इमॅक्युलाटाच्या मुली मात्र कधीच एकट्या खेळल्या नाहीत. मैदानावरील आडोशासारखाच मैदानाबाहेरही आडोसा होता. तो देणाऱ्यांची नावे कोठल्याच गुणफलकावर नाहीत.

२६ जानेवारी १९७५ रोजी इमॅक्युलाटा आणि मेरीलँड विद्यापीठ ह्यांच्यातील सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविला गेला. महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलला असा मान प्रथमच मिळत होता. इमॅक्युलाटाने तो ८०-४८ असा जिंकला. २२ फेब्रुवारी रोजी न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिला महाविद्यालयांचा पहिला सामना झाला. सुमारे बारा हजार प्रेक्षकांसमोर इमॅक्युलाटाने क्वीन्सला ६५-६१ असे हरविले. तळघर ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन, हा प्रवास पाच वर्षांचा.

यशाची किंमत

येथवरची कहाणी विजयाची झाली. खरा इतिहास येथे थांबत नाही.

पहिल्या अजिंक्यपदानंतर तीनच महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, अमेरिकेत शिक्षणविषयक नवा कायदा अमलात आला. सरकारी द्रव्यसाह्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, असे त्यातील नवव्या कलमाने ठरविले. ‘टायटल नाइन’ ह्या नावाने ते कलम प्रसिद्ध आहे. क्रीडाक्षेत्रालाही ते लागू झाले. प्रारंभी ए. आय. ए. डब्ल्यू. चा क्रीडा-शिष्यवृत्तींना विरोध होता; पैशाने खेळ नासतो, अशी त्या स्त्री-अध्यापकांची प्रामाणिक धारणा होती. परंतु १९७३ साली फ्लोरिडातील काही खेळाडू व प्रशिक्षक न्यायालयात गेले आणि संघटनेला ती बंदी मागे घ्यावी लागली. मोठमोठी विद्यापीठे आता मुलींच्या संघांवर पैसा खर्च करू लागली. गुणी मुलींना शिक्षण विनामूल्य मिळू लागले. हे सर्वथा न्याय्यच झाले. पण लोकरी झग्याच्या संघाला ही शर्यत परवडणारी नव्हती.

१९७५ आणि १९७६ ह्या दोन्ही वर्षी इमॅक्युलाटा पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली आणि दोन्ही वेळा डेल्टा स्टेटकडून पराभूत झाली. डेल्टा स्टेटचीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. मिसिसिपीतील त्या महाविद्यालयाने १९३२ साली, खेळ स्त्रियांना झेपत नाही ह्या कारणास्तव, मुलींचा संघच बंद केला होता. तेव्हा त्या संघातून खेळणाऱ्या मार्गारेट वेड ह्यांनीच चाळीस वर्षांनी, १९७३ साली, तेथे नवा संघ उभा केला. त्यांच्या संघाची आधारस्तंभ लुशिया हॅरिस हिने १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलच्या इतिहासातील पहिले गुण नोंदविले. इमॅक्युलाटाला हरविणारेही असे वाट पाहून उभे राहिलेलेच होते.

१९७७ साली रशबाईंनी प्रशिक्षकपद सोडले. सात वर्षांत १४९ विजय, केवळ १५ पराभव. सलग सहा वर्षे देशातील पहिल्या चार संघांत स्थान. त्यानंतर इमॅक्युलाटाचा संघ त्या उंचीवर पुन्हा पोहोचला नाही. १९८२ साली पुरुषांच्या खेळाचा कारभार पाहणाऱ्या एन. सी. ए. ए. ह्या बलाढ्य संघटनेने महिलांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि ए. आय. ए. डब्ल्यू. चे अवतारकार्य संपले. इमॅक्युलाटा २००२ साली विद्यापीठ झाले आणि २००५ पासून तेथील पदवी अभ्यासक्रमांत मुलांनाही प्रवेश मिळू लागला.

मागे काय उरले?

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मोठ्यांनी मैदान व्यापल्यावर लहानांचे काय उरले?

थेरेसा शँक विवाहानंतर थेरेसा ग्रेन्ट्झ झाली आणि प्रशिक्षिका बनली. १९८२ साली ए. आय. ए. डब्ल्यू. ची अखेरची राष्ट्रीय स्पर्धा फिलाडेल्फियात झाली. ती रट्गर्स विद्यापीठाने जिंकली आणि रट्गर्सची प्रशिक्षिका होती ग्रेन्ट्झ. ज्या स्पर्धेचे पहिले अजिंक्यपद तिने खेळाडू म्हणून मिळविले, तिचे शेवटचे अजिंक्यपद तिने प्रशिक्षिका म्हणून मिळविले. पुढे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकन महिला संघाचीही तीच प्रशिक्षिका होती. मरिआन क्रॉफर्ड, विवाहानंतरची मरिआन स्टॅन्ली, हिने ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या संघाला १९७९, १९८० आणि १९८५ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. स्पर्धा बदलली, संघटना बदलली. तळघरात शिकलेला आडोसा आणि दबाव मात्र आता मोठमोठ्या विद्यापीठांच्या झगमगत्या क्रीडागृहांत शिकविला जात होता. ज्यांच्या पैशापुढे इमॅक्युलाटा मागे पडली, त्यांच्या घरी इमॅक्युलाटाच्याच लेकी गुरू होऊन बसल्या.

सन्मानही यथावकाश आले. कॅथी रश ह्यांचा २००८ साली बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरात समावेश झाला आणि २०१४ साली १९७२ ते १९७४ ह्या वर्षांच्या संपूर्ण संघाला तेथे स्थान मिळाले. एकटीला नव्हे, साऱ्या संघाला मिळालेला हा दुसरा सन्मान आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण त्यात आडोसा देणाऱ्याही आल्या.

परमुलखातील आमच्या मंडळांपुढेही हाच प्रश्न आज उभा आहे. येथे तालमी करून तयार झालेली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर जातात. ज्या कार्यक्रमांसाठी पूर्वी मंडळाचे सभागृह ओसंडून वाहत असे, त्यांच्याहून सरस कार्यक्रम आता घरबसल्या पाहावयास मिळतात. वर्गणीदारांची यादी आखडली की वडीलधारी मंडळी खंतावतात आणि ती खंत खोटी नाही. इमॅक्युलाटाच्या इतिहासाकडे पाहता मात्र आम्हांस असे सुचवावेसे वाटते की लहान संस्थेच्या आयुष्याचा हिशेब तिच्याच वास्तूत मांडला तर तो अपुरा राहील. आपल्याकडून गेलेली मुले जेथे गेली तेथे काय उभे करीत आहेत, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. मंडळाने पुढील काळात आपल्या ठिकठिकाणी पसरलेल्या मुलामुलींशी संबंध राखावा, त्यांच्या कार्याची नोंद ठेवावी, आणि त्याच वहीत खुर्च्या मांडणाऱ्यांची, पडदा ओढणाऱ्यांची, प्रसादाचा शिरा करणाऱ्यांची नावेही लिहावीत, अशी आमची सुवर्णमहोत्सवी वर्षातील नम्र सूचना आहे.